शेपटीच्या बेचक्यापर्यंत

हरिदास मेश्राम यांनी तीन दिवसांत एकशे बारा ब्रीम मासे मोजले होते. त्यातले वर गेले शून्य.

मेडनहेडच्या अलीकडे थेम्सला मिळणाऱ्या एका लहानशा नदीवर हा बंधारा होता. बंधाऱ्याच्या कडेला माशांना वर चढून जाता यावं म्हणून काँक्रीटचा एक जिना बांधला होता. जिना म्हणजे एकावर एक अकरा हौद, आणि दोन हौदांच्या मधल्या भिंतीत हातभर रुंदीची उभी चीर. वरचं पाणी त्या चिरेतून खाली यायचं आणि माशांनी त्याच चिरेतून उलटं वर जायचं. या जिन्याला इकडे फिशपास म्हणतात. तो हरिदासांच्या लेकीनं, ऋचानं, डिझाइन केला होता. म्हणून तर हा सत्तरी ओलांडलेला माणूस रोज सकाळी डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी घेऊन तिथल्या बाकावर येऊन बसायचा. गळ टाकून बसलेले गोरे म्हातारे त्याला मान हलवून ‘मॉर्निंग’ म्हणायचे. हाही मान हलवायचा. दोघांचं इंग्रजी तेवढ्यात संपायचं.

मासा हा हरिदासांचा आयुष्यभराचा धंदा. छत्तीस वर्षं मत्स्यव्यवसाय खात्यात काढली, त्यातली बावीस भंडारा जिल्ह्यातल्या एका मत्स्यबीज केंद्रावर. माणसानं मला पुष्कळदा फसवलं, माशानं एकदाही नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. माशाचं अंग बघितलं की तो कुठं राहतो, काय खातो आणि किती पळतो हे ते सांगत, आणि ऐकणारा कंटाळला तरी सांगत.

आता या जिन्याचंच बघा. ट्राउट यायचा. त्याचं अंग सूत काढायच्या चातीसारखं, दोन्ही टोकांना निमुळतं, सगळा जोर शेपटीच्या मुळाशी. एक फटका मारला की चिरेतून पार. ब्रीमचं तसं नव्हतं. ब्रीम म्हणजे उभी धरलेली भाकरी. पाठ उंच, कुशी चपट्या, पोटाखालचा पर लांबच लांब. साठलेल्या पाण्यात, वेलींच्या जंजाळात, जागच्या जागी वळायला यासारखा मासा नाही. पण धावतं पाणी एकदा कुशीवर आलं की ती भाकरीच त्याची वैरीण होते. हरिदासांच्या डोळ्यांदेखत एकेक ब्रीम पहिला हौद चढायचा, दुसरा चढायचा आणि तिसऱ्या चिरेत तोंड घालायचा. दोन क्षण जागेवर थरथरायचा. मग त्याचं अंग आडवं व्हायचं आणि पाणी त्याला उचलून खाली फेकायचं. थोड्या वेळानं तोच पुन्हा यायचा. मे महिना, पोटात अंडी, जाणार कुठं बिचारा?

“पाणी भलतंच जोराचं आहे तुझं,” संध्याकाळी घरी आल्यावर ते ऋचाला म्हणाले.

ऋचा चौतीस वर्षांची, एकटीच राहणारी. ब्रॅकनेलच्या एका कंपनीत सात वर्षं झाली होती तिला. लॅपटॉपवरची नजर न काढता ती म्हणाली, “बाबा, यंदा स्प्रिंग खूप वेट होता. फ्लो नेहमीपेक्षा जास्त आहे. मी रिपोर्टमध्ये तेच लिहिलंय.”

“पाऊस थांबून पंधरा दिवस झाले ना पण.”

“प्लीज, बाबा. फ्रायडेला रिव्ह्यू आहे. त्या गळ टाकणाऱ्यांच्या अँगलिंग क्लबनं कंप्लेंट केलीय. वरच्या बाजूला असे अजून दोन पास बांधायचेत, माझंच डिझाइन वापरून. हे फेल आहे असं ठरलं तर ते दोन्ही गेले, आणि मीपण गेले. माझा व्हिसा ह्या नोकरीवर आहे, माहितेय ना तुम्हाला?”

हरिदास डबा धुवायला उठले. तसे ते गेली दोन वर्षं या लेकीशी कामापुरतंच बोलत होते.

त्यांच्या मनात एक काटा होता आणि तो त्यांनी कुणाला दाखवला नव्हता. दोन वर्षांपूर्वी, एकोणीस एप्रिलला पहाटे, त्यांची बायको विमला गेली. ऋचा आली नाही. तिचा व्हिसा वाढवायचा अर्ज त्याच आठवड्यात गेला होता, आणि अर्ज चालू असताना देश सोडला की तो अर्ज बाद होतो, असा इथला कायदा. हे हरिदासांना समजत होतं. सरकारी माणूस होते ते, कायदा समजायचाच. पण दुपारी चार वाजता, भर उन्हात, भाचा संजय यानं चितेसमोर मोबाइल धरला तेव्हा पडद्यावर लेक दिसली ती कामाच्या भगभगीत केशरी जाकिटात, मागे पाण्याचा आवाज. आईला अग्नी देताना पोरगी ड्यूटीवर होती. घरी बसून रडली असती तर काय बिघडलं असतं? तीन महिन्यांनी ती भंडाऱ्याला येऊन गेली तेव्हा हरिदास तिच्याशी नळाची गळती आणि विजेचं मीटर या दोन विषयांवर बोलले.

त्यानंतर तिनं दहादा बोलावलं, यांनी दहादा टाळलं. शेवटी मागच्या दिवाळीत छातीत दुखायला लागलं, नागपूरला दोन स्टेंट बसले, आणि डॉक्टरनं सांगितलं, “लेकीकडे जायचं तर आत्ताच जाऊन या. पुढचा एवढा लांबचा प्रवास मात्र धरू नका.” म्हणून ते आले. डॉक्टरचं वाक्य त्यांनी तिला अर्धंच सांगितलं होतं.

रोज सकाळी ते अंघोळ करून पुस्तकांच्या कपाटावर ठेवलेल्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंसमोर मेणबत्ती लावत, वंदना म्हणत, पंचशील घेत. आवाज खणखणीत होता. फक्त चौथ्या शीलाशी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन या ओळीशी, तो खाली जायचा आणि पाचव्याला पुन्हा वर यायचा. ऋचा आतून ऐकायची. बाबांना आता दम पुरत नाही, असं तिला वाटायचं.

बुधवारी पाऊस होता. बंधाऱ्यावर जाता येईना आणि घरात बसवेना, म्हणून हरिदासांनी जिन्याखालचं कपाट आवरायला काढलं. मुलीच्या घरी आलेल्या बापाला रिकामं बसायची लाज वाटते, आणि आवरायच्या नावाखाली तो तिच्या सगळ्या वस्तू भलतीकडे ठेवून देतो. कपाटात छत्र्या, बूट, फुटका हीटर, आणि त्याच्यामागे जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक फळी.

ती त्यांचीच होती. मासा मोजायची फळी. सागवानी, एका टोकाला उभी पट्टी ठोकलेली. त्या पट्टीला माशाचं नाक टेकवायचं, मासा फळीवर आडवा झोपवायचा आणि कडेच्या पितळी मोजपट्टीवर आकडा वाचायचा. केंद्रावरच्या सुतारानं करून दिलेली. सहा वर्षांची ऋचा सुट्टीच्या दिवशी केंद्रावर यायची आणि या फळीवर राहू-कटल्याची पिल्लं मोजायची. “नाकापासून शेपटीच्या पार टोकापर्यंत,” ते शिकवायचे. “दोन्ही पाकळ्या जवळ आण, मग बघ. आखडतं माप घ्यायचं नाही.” ती जीभ बाहेर काढून पाकळ्या जुळवायची. इंग्लंडला निघाली तेव्हा ही फळी तिनं मागून नेली. विमला म्हणाली होती, लोक मसाले नेतात, हिनं लाकूड नेलं.

हरिदास फळी पुसायला बसले. पितळी पट्टीच्या खाली नख घातलं तर तीन-चार सुकलेले खवले निघाले. त्यांनी एक उजेडात धरला. राहूचा नव्हे, कटल्याचा नव्हे. तिसऱ्या हौदातून खाली फेकल्या जाणाऱ्या त्या भाकरीचा होता.

म्हणजे फळी इथं वापरली होती. कधी? ऋचा तर सांगायची की इकडे सगळं कंपनीचं असतं, मोजायचा बोर्डसुद्धा प्लास्टिकचा, आणि मापाची पद्धतही वेगळी. इकडे शेपटीच्या टोकापर्यंत मोजत नाहीत. नाकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंतच मोजतात, कारण पाकळ्या झिजतात, फाटतात, बेचकं तेवढं जागेवर राहतं. तिच्याकडून हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते म्हणाले होते, “म्हणजे साहेब लोक मासा तोकडा मोजतात.”

टेबलावर शुक्रवारच्या रिव्ह्यूसाठी छापलेले कागद पडले होते. हरिदासांनी चष्मा लावला. इंग्रजी वाक्यांशी त्यांची दोस्ती नव्हती, पण माशांचे आकडे कुठल्याही भाषेत वाचता येत. जिना बांधण्याआधी बंधाऱ्याखाली जाळी टाकून मासे धरले होते, मोजून-तोलून परत सोडले होते, त्याच्या याद्या होत्या त्या. लांबीच्या रकान्यावर स्पष्ट छापलं होतं, बेचक्यापर्यंतची लांबी. ते सवयीनं लांबी आणि वजन जोडीनं वाचत गेले. दहा-बारा ओळींनंतर त्यांचं बोट थांबलं. बाकीच्या दिवशी चुकूनमाकून सापडलेला चाळीस सेंटिमीटरचा ब्रीम सव्वा किलो भरत होता. एका दिवशी मात्र अडतीस ब्रीम एकदम सापडले होते, आणि त्यांतला पंचेचाळीसचा ब्रीमही सव्वाच किलो होता. खालचा तसा, वरचा तसा. अडतीसच्या अडतीस हडकुळे.

एकाच नदीत, एकाच महिन्यात, एकाच दिवसाचे मासे उपाशी कसे असतील? त्यांनी पानाच्या वरची तारीख बघितली. एकोणीस एप्रिल.

त्यांनी खुर्ची ओढली आणि अडतीसच्या अडतीस ओळी पुन्हा वाचल्या. मासे हडकुळे नव्हते. त्या दिवशी कुणीतरी ते शेपटीच्या पार टोकापर्यंत मोजले होते, दोन्ही पाकळ्या नीट जुळवून, बापाच्या फळीवर.

पुढचं गणित त्यांना कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. मासा स्वतःच्या लांबीच्या ठरावीक पट अंतर सेकंदाला कापतो. कुठल्या अंगाचा मासा किती पट, याचे तक्ते असतात. लांबी जास्त धरली की वेग जास्त येतो. कागदावरचा ब्रीम खऱ्या ब्रीमपेक्षा चार-पाच सेंटिमीटरनं लांब होता, म्हणून कागदावर तो अकराच्या अकरा चिरा चढून जात होता. चिरेतलं पाणी त्याच्या हिशेबानं सोडलं होतं. ट्राउटला काही फरक पडला नाही, त्याच्या अंगात भरपूर जोर शिल्लक होता. ब्रीमकडे तेवढा नव्हता.

बुधवारी संध्याकाळी ऋचा यायच्या आत हरिदासांनी फळी परत कपाटात ठेवली. गुरुवारी सकाळी त्यांनी पंचशील घेतलं, आणि चौथ्या ओळीशी त्यांना ठसकाच लागला. गप्प राहावं का? पोरीनं पावसाला दोष दिला होता, पाऊस काही कोर्टात येऊन भांडणार नव्हता. तिची नोकरी राहील, घर राहील. नाहीतरी त्यांना ब्रीमशी काय देणंघेणं? त्यांनी आयुष्यात तो खाल्लासुद्धा नव्हता. मग ते बंधाऱ्यावर गेले आणि तासभर बसले. अंड्यांनी फुगलेली एक मादी सतरा वेळा तिसऱ्या चिरेत शिरली आणि सतरा वेळा आडवी होऊन खाली आली. अठराव्यांदा ती आली नाही. हरिदासांनी डबा न उघडताच पिशवीत ठेवला आणि घरी आले.

संध्याकाळी ऋचा दारातून आत आली तेव्हा टेबलावर फळी होती, फळीवर एका ओळीत चार खवले, आणि शेजारी तो कागद.

तिनं कोटही काढला नाही. नुसती बघत राहिली.

“त्या दिवशी या फळीवर मोजले ना तू?” हरिदासांनी विचारलं.

“हो.”

“शेपटीच्या टोकापर्यंत.”

“काय?” ती म्हणाली. मग तिनं कागद उचलला, वजनांवरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणजे तिला माहीत नव्हतं. एवढं बरं, हरिदासांच्या मनात आलं. चूक होती, लबाडी नव्हती.

“मला आठवतच नाहीये, बाबा,” ती म्हणाली. “मी काय केलं त्या दिवशी, मला खरंच आठवत नाही. संजयदादाचा फोन आला, आई गेली म्हणून. मग मी घरात बसूच शकले नाही. प्रत्येक खोलीत गेले. आईनं दिलेलं काहीतरी हातात पाहिजे होतं, आणि काही नव्हतंच. सगळं इथूनच घेतलेलं. आयकियाचं. मग ही दिसली. आईनं हिला जुनी साडी गुंडाळून दिली होती ना, आठवतं? मी हिला घेऊन साइटवर गेले. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घरी पाठवलं असतं, आणि घरी काय करणार होते मी? चितेचा व्हिडिओ व्हॅनमध्ये बसून बघितला. जाकीट काढायचं भान नव्हतं. मग खाली उतरले आणि परत मासे मोजत बसले. एकेक मासा झोपवायचा, पाकळ्या जुळवायच्या. तेवढं केलं की पुढच्या माशापर्यंत बरं वाटायचं.”

हरिदासांना एकदम ती केशरी रंगाची पडद्यावरची पोर आठवली. दोन वर्षं त्यांनी तिच्यावर मनातल्या मनात खटला चालवला होता. साक्षीदार एकच, ते जाकीट. आणि पोरगी तर त्या दिवशी सहा वर्षांची होऊन त्यांच्या केंद्रावर बसली होती, त्यांनी शिकवलं तसं, आखडतं माप न घेता. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी फळीवरचे खवले उगीच सरळ केले.

ऋचानं डोळे पुसले आणि ती कोरड्या आवाजात म्हणाली, “बाबा, हे कुणाला कळणार नाही. डेटा दोन वर्षं जुना आहे, कुणी रीचेक करत नाही. मी सप्टेंबरमध्ये गुपचूप पाणी कमी करून घेईन. मेंटेनन्स म्हणून. फिश पण वर जातील, माझी नोकरी पण राहील.”

“आणि वरचे दोन पास?”

वरचे दोन पास याच आकड्यांवर उभे राहणार होते, आणि त्यांची कामं जूनमध्येच सुरू व्हायची होती.

“सांगून टाक, पोरी,” हरिदास म्हणाले.

“काय सांगू? कारण काय लिहू? त्या फॉर्ममध्ये रीझनचा कॉलम असतो.”

“आई वारली त्या दिवशी मोजले, असं लिही. त्याहून खरं काय असते?”

ती रडायला लागली तसा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. कितीतरी वर्षांनी. केसांत पांढरे दिसले, ते त्यांना माहीत नव्हते.

शुक्रवारी दुपारी ऋचा ऑफिसातून थेट बंधाऱ्यावर आली आणि बाकावर त्यांच्याशेजारी बसली. तिनं सगळं सांगितलं होतं. मॅनेजरबाई हेलन यांनी ऐकून घेतलं, उठून मिठी मारली, आईबद्दल सॉरी म्हणाल्या, आणि मग खुर्चीत बसून पुढचं बोलल्या. वरच्या दोन पासची कामं थांबली. डिझाइन आता दुसरा माणूस तपासणार. या जिन्याच्या चिरांत फळ्या बसवून पाण्याचा जोर कमी करायचा, पण ते नदीचं पाणी उतरल्यावर, सप्टेंबरमध्ये. ऋचाच्या नोकरीचं नोव्हेंबरपर्यंत नक्की, त्यापुढचं बघू.

“बघू म्हणजे?”

“बघू म्हणजे बघू, बाबा. इथं नाही असं तोंडावर कुणी म्हणत नाही.”

समोर एक ब्रीम तिसऱ्या हौदात आला. दोघंही बघत राहिले. तो थरथरला, आडवा झाला आणि गेला.

“मी तुला खरं बोलायला लावलं,” हरिदास म्हणाले. “आता माझंही ऐक. मी तुझ्या आईशी खोटं बोललो.”

ऋचानं त्यांच्याकडे वळून बघितलं.

“अठरा तारखेची गोष्ट. दुपारची वेळ. तुझा फोन येऊन गेला होता, यायला जमत नाही म्हणून. आई जागी होती. तिनं विचारलं, ऋचा निघाली का? मी म्हटलं, निघाली. विमानात बसली. का बोललो, माहीत नाही. तिच्या तोंडाकडे बघून बोलून गेलो. तर ती म्हणाली, मग दार लोटू नका, पोरीजवळ किल्ली नाही. दर थोड्या वेळानं मान उचलून बघे, दार उघडं आहे ना. मी रात्रभर दार उघडं ठेवलं. कुत्रं दोनदा आत आलं. बाहेर कुणाची गाडी थांबली की ती म्हणे, आली वाटते. मी म्हणे, येतेच आता. पहाटे गेली तेव्हा तोंड दाराकडेच होतं.”

ऋचानं दोन्ही हात तोंडावर धरले.

“मी आयुष्यभर शील पाळणारा माणूस,” हरिदास म्हणाले. “आणि माझ्या बायकोला मी शेवटची रात्र वाट बघायला लावली. हे मला सोसेना. म्हणून मी तुझ्यावर रागावलो. तू आली असती तर माझं खोटं खरं झालं असतं ना. खोटं माझं आणि राग तुझ्यावर, दोन वर्षं. चुकलं माझं, पोरी.”

पाणी चिरांतून पडत होतं. मग ऋचानं अगदी हळू विचारलं, “म्हणजे आईला शेवटपर्यंत वाटत होतं की मी येतेय?”

“शेवटपर्यंत.”

“मी येत नाही, हे तिला कळलंच नाही.”

“नाही कळलं.”

ती त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. तेही रडले. विमला गेल्यानंतर पहिल्यांदा, परक्या नदीच्या काठावर, चार गळवाल्यांच्या देखत. त्यांतला एक म्हातारा उठला, काही न बोलता कागदी रुमालांचं पाकीट बाकावर ठेवून परत आपल्या जागेवर जाऊन बसला.

रडून झाल्यावर ऋचानं नाक पुसलं आणि जिन्याकडे बघितलं. “सप्टेंबरमध्ये फळ्या बसतील,” ती म्हणाली. “मी इथे असले नसले तरी बसतील. पुढच्या मेमध्ये हे सगळे वर जातील बघा. अकराच्या अकरा हौद.” मग लहानपणी केंद्रावर यायचा हट्ट करताना बघायची तशी तिनं बापाकडे बघितलं. “बाबा, तुम्ही याल ना बघायला? पुढच्या मेमध्ये?”

हरिदासांच्या जिभेवर ‘येईन’ तयार होतं. अगदी सहज निघालं असतं. नऊ जूनला त्यांचं विमान होतं. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलेलं अर्धं वाक्य अजून त्यांच्यापाशीच होतं.

त्यांनी तिचा हात हातात घेतला.

“नाही, पोरी,” ते म्हणाले. “मी नाही येऊ शकणार. तू दार लोटून घेत जा.”